सुताराचा मुलगा आणि रेणूंची ओढ

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात 14 जून 1873 रोजी एका शाळामास्तराने आपल्या प्रबंधाचे समर्थन केले. त्याचे वय तेव्हा 35 वर्षांचे होते. ज्या वयात विद्यापीठातील बुद्धिमान तरुण प्राध्यापकपदावर स्थिरावलेले असत, त्या वयात हा गृहस्थ डॉक्टरेटसाठी परीक्षकांसमोर उभा होता. प्रबंध लॅटिनमध्ये नव्हता, डच भाषेत होता, आणि विषय होता वायू व द्रव या दोन अवस्थांमधील अखंडता. वाफ आणि पाणी यांच्यामध्ये निसर्गाने भिंत घातलेली नाही, एकाच द्रव्याची ती दोन रूपे असून एकातून दुसऱ्यात कुठेही न अडखळता जाता येते, असे त्यात गणिताच्या आधारे मांडले होते. पदार्थविज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या प्रबंधांच्या वाट्याला इतके मोठे भाग्य आले आहे. लिहिणाऱ्याचे नाव होते योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स.

विज्ञान शाखेत अकरावी-बारावी केलेल्या कोणालाही हे नाव परके नाही. त्यांचे समीकरण पाठ करून परीक्षेत लिहिले जाते आणि निकाल लागला की विसरलेही जाते. त्या समीकरणामागे एक माणूस होता आणि विद्यापीठाचे दार त्याच्यासाठी कित्येक वर्षे अर्धेच उघडे होते, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

व्हॅन डर वाल्स यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1837 रोजी लायडन येथेच झाला. वडील याकोबुस सुतारकाम करीत. घरात दहा मुले आणि योहानेस त्यांतला थोरला. ज्या गावात युरोपातील एक अत्यंत जुने व मानाचे विद्यापीठ होते, त्याच गावात सुताराच्या मुलाने त्या विद्यापीठात शिकण्याचे स्वप्न पाहणे मात्र व्यवहाराला धरून नव्हते. विद्यापीठात जायचे तर आधी लॅटिन आणि ग्रीक शिकविणाऱ्या शाळेत जायला हवे, आणि त्या शाळा सुखवस्तू घरांतील मुलांसाठी होत्या. योहानेसचे शालेय शिक्षण पंधराव्या वर्षाच्या सुमारास संपले. त्यानंतर तो प्राथमिक शाळेत उमेदवार शिक्षक म्हणून लागला. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरल्या वेळात स्वतः शिकायचे, असा क्रम सुरू झाला. 1856 ते 1861 या काळात एकेक परीक्षा देत त्यांनी प्राथमिक शिक्षकाची आणि नंतर मुख्याध्यापकाची पात्रता मिळविली.

बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाकाठी मोजक्या विषयांच्या व्याख्यानांना बसू देण्याची मुभा लायडन विद्यापीठात होती. 1862 पासून व्हॅन डर वाल्स या सवलतीवर गणित, पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राच्या वर्गांना जाऊ लागले. ऐकायला परवानगी होती, पदवीच्या परीक्षेला बसायला नव्हती, कारण लॅटिन व ग्रीक येत नव्हते. शिकण्याची पात्रता आहे पण शिकल्याचा दाखला मिळण्याची नाही, अशी ही विचित्र अवस्था होती. आपल्याकडेही भाषेच्या एका पेपरावर अडलेल्या पिढ्या होऊन गेल्या आहेत, त्यामुळे ती समजायला कठीण जाऊ नये.

मदतीला आला तो सरकारी निर्णय. 1863 मध्ये डच सरकारने एका नव्या प्रकारच्या माध्यमिक शाळा काढल्या. त्यांत अभिजात भाषांऐवजी गणित, विज्ञान आणि आधुनिक भाषांवर भर होता. या शाळांना विज्ञानाचे शिक्षक हवे होते. व्हॅन डर वाल्स यांनी दोन वर्षे फुरसतीच्या वेळात अभ्यास करून त्यासाठीच्या परीक्षा दिल्या आणि 1865 मध्ये डेव्हेंटर या गावी पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी, तिकडे जाण्यापूर्वी, त्यांनी ॲना माग्दालेना स्मिट हिच्याशी विवाह केला. ती अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी द हेग येथे जागा मिळाली. तिथून लायडन जवळ होते आणि तुटलेला अभ्यास पुन्हा जोडता आला. दरम्यान विद्यापीठ-प्रवेशाचा कायदा बदलला आणि अभिजात भाषांतून सूट देण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना मिळाला. व्हॅन डर वाल्स यांना ती सूट मिळाली. वाट मोकळी झाली, पण तोवर त्यांची तिशी उलटली होती.

या काळात त्यांच्या हाती रुडॉल्फ क्लाउसियस या जर्मन शास्त्रज्ञाचा 1857 सालचा निबंध आला. उष्णता म्हणजे दुसरे काही नसून पदार्थाच्या सूक्ष्म कणांची गती होय, हे त्यात मांडलेले होते. वायू म्हणजे वेगाने इकडेतिकडे धावणाऱ्या रेणूंचा थवा, आणि भांड्याच्या भिंतीवर त्यांचे जे अखंड आघात होतात तोच वायूचा दाब. हे चित्र व्हॅन डर वाल्स यांच्या मनात कायमचे घर करून बसले. त्यांना प्रश्न पडला तो असा, की वायूत रेणू आहेत तर तोच वायू थंड होऊन द्रव झाल्यावर ते रेणू बदलतात काय? बदलत नसतील, तर वायूचे नियम वेगळे आणि द्रवाचे वेगळे, असे का?

त्या वेळी वायूंसाठी जो नियम प्रमाण मानला जाई तो सरळ होता. तापमान कायम ठेवून दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते. साध्या परिस्थितीत हा नियम उत्तम चालतो. दाब फार वाढविला किंवा वायू फार थंड केला की मात्र तो ढासळू लागतो. प्रयोग करणाऱ्यांनी या विचलनांची लांबलचक कोष्टके तयार केली होती. त्यांचे कारण काय, याचे समाधानकारक उत्तर मात्र नव्हते.

व्हॅन डर वाल्स यांनी जे केले ते आज सांगताना सोपे वाटते. जुन्या नियमात रेणूंना बिंदू मानले होते, म्हणजे त्यांना आकार नाही आणि एकमेकांशी देणेघेणेही नाही. खरे रेणू तसे नाहीत. पहिली गोष्ट, रेणू जागा व्यापतात. गर्दीने भरलेल्या सभागृहात आपल्याला हिंडायला मिळणारी जागा ही सभागृहाच्या क्षेत्रफळाएवढी नसते, माणसांनी अडविलेली जागा त्यातून वजा करावी लागते. म्हणून वायूच्या आकारमानातून त्यांनी एक राशी वजा केली, तिला पुढे 'बी' हे अक्षर मिळाले. ही राशी रेणूंच्या प्रत्यक्ष आकारमानाच्या चौपट येते, हेही त्यांनी दाखविले. दुसरी गोष्ट, रेणू एकमेकांना ओढतात. भांड्याच्या मध्यभागी असलेल्या रेणूवर ही ओढ सर्व बाजूंनी सारखी असल्याने ती जाणवत नाही. भिंतीवर आदळायला निघालेल्या रेणूला मात्र मागे राहिलेले सोबती मागे खेचतात. त्याचा आघात मंदावतो आणि बाहेर मोजला जाणारा दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो. ही तूट भरून काढणारी संज्ञा त्यांनी दाबात मिळविली. तिच्यातील अक्षर 'ए'. ओढणारे रेणू जितके दाट आणि ओढले जाणारे जितके दाट, तितका परिणाम दोन्हींकडून वाढतो, म्हणून ही संज्ञा आकारमानाच्या वर्गाने भागलेली आहे.

एवढेच. दोन दुरुस्त्या, दोन अक्षरे. त्यांतून जे बाहेर पडले ते थक्क करणारे होते.

द्रवाच्या आत रेणूंच्या परस्पर ओढीमुळे किती दाब असतो, हा प्रश्न लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या काळापासून लोंबकळत होता. तो मोजण्याचा कोणताही सरळ मार्ग नव्हता, आणि व्हॅन डर वाल्स यांच्या प्रबंधाची सुरुवात खरे तर याच प्रश्नापासून झाली. वायूवरील प्रयोगांतून 'ए' काढायचा आणि तो द्रवाला लावायचा, ही त्यांची युक्ती होती. पेल्यातील शांत पाण्याच्या पोटात वातावरणाच्या हजारोपट दाब दडलेला आहे, असा हिशेब त्यांनी मांडला.

दुसरा निष्कर्ष त्याहून दूरगामी ठरला. बेलफास्ट येथे टॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर अतिशय काळजीपूर्वक प्रयोग करून 1869 मध्ये जाहीर केले होते, की सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याखाली होतो. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. हे का घडते ते अँड्र्यूज सांगू शकले नव्हते. व्हॅन डर वाल्स यांच्या समीकरणातून ते आपोआप निघत होते. तापमान जास्त असेल तर रेणूंची धावपळ त्यांच्या ओढीवर मात करते, कमी असेल तर ओढ जिंकते आणि रेणू एकत्र गोळा होतात. समीकरणातून काढलेला आकडा अँड्र्यूज यांनी मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आला.

स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडर हलविला तर आत द्रव डुचमळल्याचे जाणवते, पण सीएनजीच्या टाकीत द्रव नसतो. त्याचे कारण हेच आहे. सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे क्रांतिक तापमान अनुक्रमे सुमारे 97 आणि 152 अंश आहे, म्हणून घरच्या तापमानाला नुसत्या दाबाने ते द्रव होतात. सीएनजीमधील मिथेनचे क्रांतिक तापमान शून्याखाली सुमारे 82 अंश आहे. त्याला उन्हात कितीही दाबले तरी तो वायूच राहतो, म्हणूनच त्याच्या टाक्या इतक्या जाड आणि मजबूत कराव्या लागतात.

प्रबंध डच भाषेत असल्याने तो हॉलंडबाहेर पोहोचायला वेळ लागावा, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. केंब्रिजमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या तो नजरेस पडला. रेणूंच्या शास्त्रातला त्या काळचा हा सर्वांत मोठा अधिकारी. त्यांनी 1874 मध्ये 'नेचर'मध्ये प्रबंधाचे सविस्तर परीक्षण लिहिले. त्यातील काही पायऱ्यांवर त्यांनी स्पष्ट मतभेद नोंदविले. पण या लेखकाचे नाव रेणुशास्त्रातील अग्रगण्यांत घ्यावे लागेल आणि त्याच्यामुळे संशोधकांना डच भाषा शिकण्याची पाळी येईल, अशी दिलखुलास दादही दिली. समीकरणात एक अडचण होतीच. क्रांतिक तापमानाच्या खाली त्याची वक्ररेषा एका ठिकाणी वरखाली हेलकावते, आणि त्या पट्ट्यात आकारमान वाढले की दाबही वाढतो, असे अशक्य उत्तर येते. पुढच्याच वर्षी मॅक्सवेल यांनीच त्या हेलकाव्याच्या जागी आडवी रेषा कुठे काढावी याची सुबक रीत सांगितली. ती आजही तशीच शिकविली जाते.

1877 मध्ये ॲमस्टरडॅम येथील जुन्या संस्थेचे विद्यापीठात रूपांतर झाले आणि तिथे पदार्थविज्ञानाचे पहिले प्राध्यापक म्हणून व्हॅन डर वाल्स यांना बोलावण्यात आले. ज्याला विद्यार्थी म्हणून रीतसर प्रवेश नव्हता तो आता प्राध्यापक झाला. दुसऱ्याच वर्षी या नव्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डिडेरिक कोर्टेवेख यांना मिळाली. उथळ पाण्यातील एकाकी लाटेच्या समीकरणामुळे हे कोर्टेवेख पुढे स्वतःही प्रसिद्धीस आले.

1880 मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी आपल्या समीकरणातून आणखी एक नियम काढला. प्रत्येक पदार्थाचा दाब, आकारमान व तापमान नेहमीच्या एककांत न मोजता त्या त्या पदार्थाच्या क्रांतिक मूल्यांच्या पटीत मोजले, तर सर्व पदार्थ एकाच समीकरणाने वागतात. नायट्रोजन असो की ईथर, आतला नकाशा एकच, फक्त प्रमाणपट्टी निराळी. या नियमाचा व्यावहारिक अर्थ असा, की एखादा वायू अजून द्रव झालेला नसला तरी तो किती थंड करावा लागेल हे आधी सांगता येते.

कीर्ती, प्रतिष्ठा, चार मुलांचा संसार, सगळे जुळून येत असतानाच घरावर आघात झाला. 1881 च्या डिसेंबरात ॲना क्षयाने गेली. ती 34 वर्षांची होती. मुले लहान होती. थोरल्या मुलीने हळूहळू घराचा भार आपल्या खांद्यावर घेतला. व्हॅन डर वाल्स यांनी पुन्हा लग्न केले नाही. इतकेच नव्हे, तर सुमारे दहा वर्षे त्यांच्या नावावर महत्त्वाचे असे काहीही प्रसिद्ध झाले नाही. ते शिकवीत होते, परीक्षा घेत होते, विद्यार्थ्यांना भेटत होते. पण ज्या लेखणीतून आठ वर्षांत दोन युगप्रवर्तक कामे उतरली होती ती थांबली. आजच्या विद्यापीठांत दरवर्षी निबंध मोजणाऱ्या समित्यांपुढे अशा दशकाचे काय झाले असते, ते सांगायला नको.

1890 मध्ये दोन द्रव्यांच्या मिश्रणाचा सिद्धांत मांडून ते परतले. आता प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण एका जातीच्या रेणूंची आपसांतील ओढ, दुसऱ्या जातीची आपसांतील ओढ आणि दोन्हींची परस्परांतील ओढ, अशा तिन्हींचा हिशेब एकत्र करायचा होता. 1893 मध्ये त्यांनी द्रवाच्या पृष्ठभागाकडे मोर्चा वळविला. द्रव आणि त्यावरील वाफ यांच्यातली सीमा एखाद्या रेघेसारखी धारदार नसते, तर तिथे घनता हळूहळू बदलत जाते, आणि पृष्ठताणाचे मूळ या बदलत्या पट्ट्यात आहे, असे त्यांनी दाखविले. हे काम पुढे अडगळीत पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिश्रधातूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तोच विचार नव्याने मांडला, तेव्हा जुन्या डच प्राध्यापकाची आठवण झाली.

त्यांच्या सिद्धांताची सर्वांत मोठी परीक्षा मात्र प्रयोगशाळेत झाली. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांसारखे वायू कितीही दाबले तरी द्रव होत नसल्याने ते कायमचेच वायू आहेत, असा समज एके काळी होता. 1877 मध्ये ऑक्सिजनने हार पत्करली, हायड्रोजन दाद देत नव्हता. हवा दाबातून एकदम मोकळी केली की थंड होते. हायड्रोजनचे उलटे, साध्या तापमानाला तो मोकळा होताना किंचित तापतो. रेणूंची ओढ आणि रेणूंचा आकार यांच्या रस्सीखेचीतून हे घडते व पुरेसा थंड केल्यावर हायड्रोजनही हवेसारखाच वागेल, हे व्हॅन डर वाल्स यांच्या समीकरणातून निघते. द्रव हवेने आधी गारठवून जेम्स ड्यूअर यांनी 1898 मध्ये लंडनला हायड्रोजन द्रव केला.

उरला हेलियम. लायडनमध्ये हाइक कामरलिंग ओनेस यांनी व्हॅन डर वाल्स यांच्या नियमावर विश्वास ठेवून जणू एक कारखानाच उभारला होता. हेलियमच्या मोजमापांवरून त्याचे क्रांतिक तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पाच-सहा अंश असावे, असा अंदाज त्यांनी आधीच बांधला. 10 जुलै 1908 रोजी पहाटे सुरू झालेला प्रयोग संध्याकाळ उलटेपर्यंत चालला. शेवटी भांड्यात सुमारे 60 घन सेंटिमीटर द्रव हेलियम जमा झाला, इतका पारदर्शक की तो तिथे आहे हे आधी कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याचा उत्कलनबिंदू शून्याखाली सुमारे 269 अंश. क्रांतिक तापमान 5.2 केल्विन आहे, हे पुढे निश्चित झाले. ज्या लायडनने सुताराच्या मुलाला एके काळी बाहेरचा विद्यार्थी म्हणून बसविले होते, त्याच लायडनमध्ये त्याच्या समीकरणाने हा दिवस दाखविला.

समीकरण निर्दोष होते असे नाही. क्रांतिक बिंदूपाशी दाब, आकारमान आणि तापमान यांचे जे गुणोत्तर ते देते ते 0.375 येते, प्रत्यक्षात बहुतेक साध्या द्रव्यांसाठी ते 0.29 च्या आसपास भरते. व्हॅन डर वाल्स यांना ही उणीव पुरती ठाऊक होती. रेणू तात्पुरते गट करून राहत असावेत, या कल्पनेने ती भरून काढण्याचा त्यांनी उतारवयापर्यंत प्रयत्न केला. त्यात त्यांना पुरते यश आले नाही.

1910 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक वायू आणि द्रव यांच्या अवस्था-समीकरणासाठी त्यांना मिळाले, तेव्हा ते 73 वर्षांचे होते. स्टॉकहोम येथील व्याख्यानात त्यांनी समीकरणाच्या यशापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर जोर दिला. आपण रेणूंचे अस्तित्व नेहमीच खरे मानले, सोयीची कल्पना म्हणून नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. प्रबंध लिहिताना या श्रद्धेत आपण जवळजवळ एकटे आहोत असे त्यांना वाटत असे. अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखी वजनदार माणसे अणुरेणूंना केवळ हिशेबाची सोय समजत होती. ज्याँ पेराँ यांचे प्रयोग येईपर्यंत, म्हणजे 1908 च्या सुमारापर्यंत, हा वाद मिटला नव्हता. रेणूच नसते तर त्यांच्या आकारासाठी आणि ओढीसाठी केलेल्या दोन दुरुस्त्यांना अर्थच उरला नसता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रबंधात त्यांनी काय पणाला लावले होते ते कळते.

भारतातही त्यांच्या समीकरणाचा पडसाद उमटला. 1918 मध्ये कलकत्त्याचे दोन तरुण, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस, यांनी रेणूंच्या मर्यादित आकाराचा अवस्था-समीकरणावर होणारा परिणाम या विषयावर एक निबंध इंग्लंडमधील 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ज्यांच्या नावावरून कणांच्या एका मोठ्या वर्गाला बोसॉन हे नाव मिळाले, त्या बोस यांचा हा पहिला प्रसिद्ध निबंध. तो व्हॅन डर वाल्स यांच्या 'बी'शी झटापट करणारा होता.

निवृत्तीनंतर ॲमस्टरडॅममधील त्यांची जागा मुलाने, धाकट्या योहानेस डिडेरिकने, घेतली. मुलगी जॅकलिन डच भाषेतील नावाजलेली कवयित्री झाली. व्हॅन डर वाल्स स्वतः साधेपणाने राहिले. वाचन आणि शहराबाहेर पायी भटकणे हे त्यांचे दोन विरंगुळे होते. 1922 मध्ये जॅकलिन गेली. पुढच्याच वर्षी, 8 मार्च 1923 रोजी, ॲमस्टरडॅम येथे वयाच्या 85 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रेणू एकमेकांना ओढतात हे त्यांनी आयुष्यभर मांडले, पण का ओढतात हे त्यांना कधी कळले नाही. त्याचे उत्तर पुंजयामिकी जन्माला आल्याशिवाय मिळणारच नव्हते. 1930 मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी ते दिले. विद्युतभार नसलेल्या अणूंमध्येही इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणीच्या हालचालींनी भाराचा तोल जरासा ढळत असतो, आणि शेजारच्या अणूतला तोल त्याच्याशी जुळवून घेतो, त्यातून ही क्षीण ओढ निर्माण होते. आता तिला व्हॅन डर वाल्स बल असेच म्हणतात. दिवेलागणीला छतावरून उलटी चालणारी पाल आपल्या बोटांवरच्या लक्षावधी सूक्ष्म केसांच्या आधारे प्रामुख्याने याच बलाने टिकून राहते, हे या शतकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवून दिले.